तुमच्या गावच्या वीरगळाची गोष्ट काय सांगतात?

ओढ्याकाठचा

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्याच्या आठवणीला उभारलेला दगड. आमच्या गावात जुन्या पाणवठ्याच्या चढावर असा एक दगड उभा आहे. कमरेएवढा उंच, काळा, पावसापाण्यानं कडा झिजलेला. वाई तालुक्यातलं लहानसं गाव. दगडाला सगळे 'गाईवाला' म्हणतात. वसुबारसेला बायका गायवासराची पूजा करून परतताना त्याला हळदकुंकू लावतात. बेंदराला रंगवलेले बैल मिरवायला निघाले की पहिली जोडी त्याच्यासमोर थांबते, मग पुढे जाते. असं का, हे आम्ही पोरांनी विचारलं की आत्या गोष्ट सांगायची.

एका गुराख्याकडे गावाच्या सात गाई होत्या. एका तिसऱ्या प्रहरी डोंगरातून वाघ उतरला. बाकीचे गुराखी झाडांवर चढले, हा एकटा खाली राहिला. हातात नुसती काठी. वाघाला त्यानं गाईंपर्यंत पोचू दिलं नाही. वाघ मेला आणि हाही मेला. दिवेलागणीला सातही गाई आपापल्या गोठ्यात न जाता वेशीवर येऊन हंबरत उभ्या राहिल्या, तेव्हा गावाला कळलं. तीन दिवस त्यांनी चाऱ्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी गावानं दगड उभा केला, तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या.

मोठेपणी किकलीला जाणं झालं. चंदन-वंदन या जोडगडांच्या बाजूचं गाव. तिथल्या भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांगच रांग आहे. तिथे भेटलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला दगड वाचायला शिकवला. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली पडलेला वीर. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर, दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून स्वर्गात नेताहेत. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. ते जोवर आहेत तोवर याची कीर्ती राहो, एवढाच अर्थ. शब्द मूळ कन्नड, वीरगल्लु. कल्लु म्हणजे दगड.

घरी आल्यावर गाईवाल्यासमोर बसलो. उतरत्या उन्हात चौकटी दिसू लागल्या. खालच्या चौकटीत चार गाई, चौघींची तोंडं एकाच दिशेला. वरच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला एक माणूस, त्याच्यासमोर तिघे आणि एक घोडा. वाघ कुठेच नाही. शत्रूची गुरं वळवून नेणं हा त्या काळी लढाईचाच भाग होता, त्याला गोग्रहण म्हणत. गाव जगायचं ते गुरांवर, त्यामुळे गुरं सोडवताना मेलेल्याचा दगड गाव उभारायचं. आमचा गाईवाला त्यातलाच.

गणपतीला सगळे जमले होते. आत्या पोरांना गोष्ट सांगत होती, आणि मी मध्येच म्हणालो, "आत्या, वाघ नव्हताच. दरोडेखोर होते. दगडावर कोरलंय." सगळ्यांना घेऊन गेलो, दाखवलं. आत्याही आली होती. ती काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी पोरांनी गोष्ट मागितली तर ती म्हणाली, "काकाला विचारा. त्याला खरी माहितीये."

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मला जी येते ती 'माहिती' आहे. तीन दिवस न खाणाऱ्या गाई माझ्याजवळ नाहीत. आता वाटतं, आधी तिची गोष्ट तिच्या शब्दांत उतरवून घ्यायला हवी होती आणि मग दगड बघायला हवा होता. म्हणून हा धागा. तुमच्या गावात असा दगड असेल तर त्याची सांगितली जाणारी गोष्ट इथे लिहा. खरी-खोटी ठरवायची घाई नको. जशी ऐकली तशी लिहा.

चंदनवंदन

धागा फार आवडला. किकली माझ्या मामाचं गाव, त्यामुळे वाचताना ते आवार डोळ्यांसमोर आलं. एक भर घालतो. सगळ्या वीरगळांवर तीन-चार चौकटी असतातच असं नाही. काही दोनच चौकटींचे, काही चारही बाजूंनी कोरलेले. लोणी भापकर आणि पेडगावलाही बघण्यासारखे आहेत. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख असतो, त्यामुळे मेलेल्याचं नाव, राजाचं नाव, कधी तिथीही कळते. आपल्याकडचे बहुतेक मुके. म्हणूनच तुमच्या आत्याबाईंची गोष्ट मोलाची वाटते. दगडाला नाव नाही, गावानं 'गाईवाला' हे नाव तरी दिलं.

खाडीकर

मुंबईकरांनी 'आमच्याकडे काही नाही' असं समजू नये. बोरिवली पश्चिमेला एकसर आहे. तिथे वीरगळ आहेत आणि त्यांच्यावर समुद्रातली लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, एकामागे एक. जमिनीवरच्या लढाईतले हत्तीही आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथून हललोच नाही. लोकलमधून उतरून रिक्षानं जाता येईल अशा ठिकाणी सात-आठ शतकांपूर्वीचं आरमार उभं आहे.

अनेक अभ्यासक हे दगड देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या लढाईशी जोडतात. साधारण १२६५. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, त्यानं लिहून ठेवलंय की सोमेश्वरानं महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रात बुडणं पत्करलं. जिंकलेल्याच्या मंत्र्यानं लिहिलेली ती ओळ. एकसरच्या दगडावर मात्र मेलेल्यांची बाजू आहे. बुडालेल्या राजाचं नाव पुस्तकात राहिलं, वल्ही मारणाऱ्यांना दगडाशिवाय कोणी नाही.

माझे वडील वसईचे. ते खाडीकडे बघून म्हणायचे, "हितं बोटी लढल्यात." कुठल्या, कधी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पोर्तुगीज-मराठे त्यांच्या मनात असावेत, १७३९ ची वसई. पण वाक्य तेवढंच. एकसर पाहिल्यापासून ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं.

शाईची_दौत

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

गोष्टी जपाव्यात हे मान्य. पण गोष्टींमुळे नुकसानही होतं, आणि ते मी जवळून पाहिलंय. आमच्या गावातला वीरगळ यादवकाळातला असावा असं तो बघितलेल्या जाणकारांचं मत आहे. गावात सांगतात की तो शिवाजी महाराजांच्या एका मावळ्याचा. इथवर ठीक. काही वर्षांपूर्वी उत्साही मंडळींनी त्या मावळ्याला नाव दिलं, मग आडनाव दिलं, मग त्या आडनावाच्या घरांनी वर्गणी काढून फलक लावला. दुसऱ्या आडनावाच्या घरांना ते पटलं नाही. आज त्या दगडापाशी दोन फलक आहेत आणि दोन वेगळ्या दिवशी हार पडतात. ज्याचा तो दगड आहे, तो माणूस दोन्ही फलकांवर नाही.

म्हणून म्हणतो, आत्याबाईंना वाईट वाटलं हे खरं असलं तरी तुम्ही दाखवलंत ते चुकीचं नव्हतं. पोरांना दगड वाचता आला पाहिजे.

ओढ्याकाठचा

दौत, राग कसला, तुमचं म्हणणं पटतं. दोन फलकांचं वाचून वाईट वाटलं.

मला दोन्हींत एक फरक दिसतो. आत्याच्या गोष्टीत गुराख्याला नाव नाही, जात नाही, आडनाव नाही. ती कोणाच्या मालकीची नाही, सगळ्या गावानं ती सांगितली. फलकावरची गोष्ट एका घराची झाली. जुनी गोष्ट आणि नव्यानं रचलेली गोष्ट वेगळी ओळखायची असेल तर जुनी आधी कागदावर यायला हवी ना? आज सत्तरी-ऐंशीतली माणसं काय सांगतात ते तारीख घालून लिहून ठेवलं, की पुढच्या फलकाला विचारता येईल, हे नाव तुला कोणी दिलं?

आणि एक राहिलंच. वाघ चुकला असेल, पण गाई चुकल्या नाहीत. सात-आठशे वर्षांत राज्यं किती बदलली! दगड वाचणारं गावात कोणी उरलं नव्हतं, तरी गाई गोष्टीत टिकून राहिल्या. मी हे आत्याला सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

रानजाई

मी खूप विचार करून लिहितेय.

आमच्या माहेरच्या गावात वीरगळाशेजारी दुसरा दगड आहे. त्यावर कोपरात वाकवलेला एक हात कोरलाय, तळवा उघडा, मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या. वर चंद्र-सूर्य. गावात 'सतीआईचा हात' म्हणतात. नवी नवरी गावात आली की तिला तिथे नेऊन ओटी भरायला लावतात. मीही वहिनीला घेऊन गेले होते, खणा-नारळासकट. तेव्हा मला फक्त बांगड्या आवडल्या होत्या. दगडावर इतक्या बारीक, एकेक मोजता येईल अशा.

आजी सांगायची ती गोष्ट अशी. नवरा लढाईवर गेला. जाताना म्हणाला, परसातली तुळस सुकली तर समज. तुळस सुकली. हिनं पाणी घातलं, पुन्हा सुकली. तिसऱ्या दिवशी ती हळदकुंकू लावून निघाली. निघताना तिनं चौकटीवर हात ठेवला, त्या हाताचा ठसा उठला, तोच हा दगड.

बांगड्या का कोरल्या, ते मला नंतर समजलं. विधवेच्या बांगड्या फोडतात. हिच्या फुटल्या नाहीत. न फुटलेल्या बांगड्या म्हणजे ती सौभाग्यवती म्हणून जळाली, हे त्या दगडाचं सांगणं. हे कळल्यावर मी त्या दगडाकडे पूर्वीसारखी बघू शकले नाही. नारळ वाहायचा हात उचलत नाही, आणि पाठ फिरवून निघूनही येववत नाही. तिथे एक बाई होती. तिला विचारलं होतं का? तिचं वय काय असेल? आजीच्या गोष्टीत ती स्वतः निघाली. दगडावर फक्त हात आहे, तोंड नाही.

सतीची प्रथा बंगाल इलाख्यात १८२९ साली कायद्यानं बंद झाली, पाठोपाठ आपल्या मुंबई इलाख्यातही. सतीचं उदात्तीकरण करायलाही १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. हे सगळं मला माहीत आहे, मी शाळेत शिकवते. थेऊरला मुलींची सहल नेली होती, तिथे थोरल्या माधवराव पेशव्यांबरोबर १७७२ साली सती गेलेल्या रमाबाईंचं स्मारक आहे. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांना घाबरायला झालं असेल का?" मी म्हटलं, हो, झालं असेल. त्या उत्तरानंतर मुली कितीतरी वेळ गप्प होत्या, आणि मला वाटतं त्या दिवशी इतिहास खऱ्या अर्थानं शिकवला गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ही आजीची गोष्ट इथे ठेवतेय. ती जपावी की नाही, मला ठरवता येत नाही. पण तुळशीला पुन्हा पुन्हा पाणी घालणारी ती बाई मला त्या गोष्टीतच भेटली. दगडावर ती नाही, कायद्याच्या पुस्तकातही नाही. जायचं नसणारीच तर पाणी घालेल.

खाडीकर

रानजाई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आजीनं हे मुद्दाम गोष्टीत ठेवलं असेल का? बायकांनी बायकांना सांगितलेली गोष्ट आहे ही.

रानजाई

आजी कधीच काही विनाकारण सांगायची नाही.

गोदातीर

वीर नुसते दगडात नाहीत, आमच्या नाशकात ते दरवर्षी घराबाहेर पडतात. धुळवडीला वीरांची मिरवणूक असते. लढाईत किंवा अवेळी गेलेल्या पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यात असतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, बहुधा घोड्यावर बसलेला वीर. त्या दिवशी ते टाक घेऊन लोक वाजतगाजत गोदावरीवर जातात, रामकुंडात त्यांना स्नान घालतात आणि परत आणतात. दाजीबा वीराची मिरवणूक तर पाहायला बाहेरगावाहून माणसं येतात.

आमच्या घरात तीन टाक आहेत. एकाचं नाव माहीत आहे, दोघांचं नाही. आजोबा टाक हातात घेऊन लहान मुलाला अंघोळ घालावी तसे चोळायचे आणि पुटपुटायचे, "दमलास रे, दमलास." मी विचारलं, कोणाला म्हणता? म्हणाले, "माहीत नाही बाळा. माझे आजोबा म्हणायचे."

वीरगळावर अप्सरा वीराला नेतात, आमच्याकडे घरचे लोक त्याला वर्षातून एकदा नदीवर नेऊन आणतात. यावर्षी टाक माझ्या हातात होते. मीही म्हणालो, दमलास रे.

सातेरीचा_माड

गोव्यातून लिहितोय. आमच्या सत्तरी तालुक्यात रानात, देवळांच्या मागे, कुळागरांच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांच्या, बांधावर असे दगड पुष्कळ. गोव्याचे कदंब राजे समुद्रावर राज्य करणारे, त्यामुळे जहाजांच्या लढाया कोरलेले वीरगळ आमच्याकडेही आहेत. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात बघायला मिळतात. एकसरचं वाचून वाटलं, एकाच किनाऱ्याची ही भावंडं.

आमच्या शिगम्यात घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोड्याचं तोंड बांधून, डोक्याला फेटा, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांवर नाचतात. जुन्या लढवय्यांची आठवण म्हणून हे चालतं असं वडीलधारे सांगतात. आमच्या वाड्यावर घोडे देवळातून निघाले की आधी रानाच्या तोंडाशी असलेल्या एका दगडापुढे जाऊन तीनदा मागे-पुढे होतात. दगडावर घोडेस्वार आहे, मी शेवाळ बाजूला करून पाहिलाय. नाचणाऱ्यांपैकी कोणाला त्याची माहिती नव्हती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हांगा रावचें पडटा." इथे थांबावं लागतं, एवढंच. पाय ते ओळखून होते.

कृष्णाकाठ

वाचतोय सगळं, मनाला लागलं म्हणून लिहितो. आमच्या कोल्हापूर भागात वीरगळ इतके आहेत की त्यांची किंमतच राहिली नाही. आमच्या वस्तीवर एक दगड धुणं धुवायला होता. गुळगुळीत, तिरका, फार सोयीचा. माझी आई, चुलत्या, सगळ्यांनी त्याच्यावर धुणं आपटलं. एका उन्हाळ्यात विहीर उपसायच्या वेळी तो पालथा केला तर खालच्या अंगाला माणसं! अप्सरा, पिंड, सगळं नवंकोरं असल्यागत. जमिनीकडं तोंड होतं म्हणून टिकलं.

आई तिथंच बसली. म्हणाली, "चाळीस वर्सं मी ह्याच्या पाठीवर धुणं आपटलं." रडली ती. आम्ही दगड उभा केला, देवळाशेजारी आणला. तिनं मरेपर्यंत रोज त्याला तांब्याभर पाणी घातलं. कुणाचा हे कळायला मार्ग नाही. ती त्याला 'दादा' म्हणायची.

आता पुढचं. गेल्या साली देवळाचा जीर्णोद्धार झाला. टाइल्स लावल्या, आणि त्या दगडाला ऑईलपेंट दिला. कपडे निळे, अंग गुलाबी, पिंड काळी. कामाला आलेल्या पोरांनी भक्तीनंच केलं, त्यांना दोष देत नाही. पण बारीक कोरीव सगळं रंगाखाली बुजलं. हा रंग कसा काढायचा कुणी सांगेल काय?

चंदनवंदन

कृष्णाकाठ, कळकळीनं सांगतो, स्वतः काढू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, थिनर, पॉलिश पेपर, यातलं काहीही दगडाला लावू नका. रंगाबरोबर दगडाची कातडी निघते आणि मग काहीच राहत नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या पत्रानिशी कळवा. त्यांच्याकडे रसायनं जाणणारी माणसं असतात. वेळ लागेल. लागू दे, दगडाला घाई नाही.

बाकीच्यांसाठीही थोडं लिहितो. नुसती माती, शेवाळ असेल तर साधं पाणी आणि नारळाच्या सोडणाचा मऊ कुंचला पुरे. शेंदूर असेल आणि पूजा चालू असेल तर हात लावू नका, तो गावाचा देव आहे. अक्षरं किंवा कोरीव काम दिसत नसेल तर खडू, पीठ, रांगोळी चोळू नका. रात्री जा, बॅटरी दगडाला समांतर धरा, उजेड एका अंगानं येऊ द्या. दिवसा सपाट दिसणारा दगड बोलायला लागतो. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. दगड जागचा हलवू नका, कारण तो कुठे उभा आहे हीदेखील माहिती असते. जमिनीत पुरलेलं काही निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. आणि असं जुनं शिल्प परदेशी नेणं गुन्हा आहे, १९७२ चा कायदा. हे सांगतो कारण फार्महाऊसच्या अंगणात शोभेला वीरगळ लावलेले मी पाहिलेत.

अष्टागर

आमच्या अलिबागकडे दुसऱ्याच जातीचा दगड आहे, गधेगाळ. गाळ म्हणजे शिवी. खाली गाढव आणि बाई असं चित्र, वर चंद्र-सूर्य, आणि मध्ये दानाचा लेख. राजानं दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईला घातलेली ती शिवी. आक्षीचा शिलालेख असाच आहे, शिलाहार राजा केसिदेवाचा. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे सन १०१२ असा वाचला जातो, आणि तो मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये धरतात. परळला सापडलेल्या ११८७ च्या लेखातही ही शिवी मराठीत आहे.

माझ्या आजोळी असा एक दगड पालथा घालून ठेवला होता. बायका-मुलींनी तिकडून जायचं नाही अशी सक्त ताकीद. गोष्ट सांगायचे की तो दगड ज्यानं हलवला त्याचं घर बसलं. शिवी वाचणारं कोणी उरलं नव्हतं तरी धाक उरला होता, आणि ती जमीन अजून देवस्थानाचीच आहे.

विश्वामित्रीकाठ

बडोद्याहून. इथे गुजरातेत पाळिया म्हणतात. घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य, शेंदूर, अगदी सोयरे शोभतील. आमच्या घरच्या मराठी मंडळींना ते परके वाटत नाहीत, जाता येता हात जोडले जातात. तमिळ मुलखात नडुकल, म्हणजे रोवलेला दगड.

बंगळूरला बहिणीकडे गेले तेव्हा तिथल्या सरकारी संग्रहालयात आतकूरचा दगड पाहिला. दहाव्या शतकाच्या मध्यातला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग घराण्यातला मांडलिक बूतुग चोळांशी लढले, त्या लढाईत मनलेर नावाच्या सरदारानं पराक्रम केला. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं मागून घेतलं. ते कुत्रं रानडुकराशी लढताना मेलं, डुक्करही मेलं. मनलेरानं त्याच्यासाठी दगड उभा केला, पूजेला जमीन लावून दिली. दगडावर कुत्रं आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले आहेत. लेखात राजांची नावं आहेत, मोठी लढाई आहे, पण मनलेरानं दगड उभा केला तो आपल्या कुत्र्यासाठी.

शाईची_दौत

परत आलो. ओढ्याकाठचा यांचं 'तारीख घालून लिहून ठेवा' हे मनात राहिलं होतं. गेल्या रविवारी गावी गेलो. दोन्ही फलकांच्या घरांतल्या वयस्कर माणसांना वेगवेगळं बसवून विचारलं, फलक लागायच्या आधी तुमच्या लहानपणी काय सांगायचे? एक आजोबा म्हणाले, "पाहुणा होता. आपल्या गावचा नव्हता. पाण्याला थांबला होता, तेवढ्यात हल्ला आला, गावासाठी लढला." दुसऱ्या घरातल्या आजींनी सांगितलं, "परगावचा माणूस. त्याला रडायला इथं कोणी नव्हतं म्हणून गावानं दगड केला."

मला बोलायलाच सुचेना. दोन्ही आडनावांच्या घरांत तो परका होता ही आठवण शाबूत आहे. दोघांची बोलणी फोनवर ध्वनिमुद्रित केली आहेत. फलकांचं काय करायचं ते गावानं ठरवावं, मी ग्रामसभेत हे ऐकवणार आहे.

ओढ्याकाठचा

दौत, हे वाचून अंगावर काटा आला. ग्रामसभेत काय झालं ते नक्की लिहा.

आमच्याकडचं सांगतो. यंदाच्या पावसाळ्यात ओढा चढावापर्यंत आला होता. पाणी ओसरल्यावर गाईवाल्याच्या पायथ्याची हातभर माती वाहून गेलेली दिसली. जी चौकट मी सगळ्यात खालची समजत होतो, तिच्याखाली आणखी एक आहे. चंदनवंदन यांनी सांगितल्याप्रमाणे रात्री बॅटरी घेऊन गेलो. या वेळी आत्याला आधी विचारलं, येतेस का? गुडघे दुखतात, तरी आली. पुतण्याची दोन्ही पोरं बरोबर.

आडवा उजेड टाकल्यावर पालथा पडलेला माणूस दिसला, एक हात डोक्याखाली. त्याच्या पायाशी एक गाय, मान वळवून त्याच्याकडे बघणारी. वरच्या चारींची तोंडं पुढे, हिचं मागे.

वाघ याही चौकटीत नाही. मी काही बोललो नाही. धाकटीनं विचारलंच, "आजी, वाघ कुठंय?" आत्या बराच वेळ बघत होती. मग तिनं वाकून त्या मागे बघणाऱ्या गाईवरची माती पदरानं पुसली आणि म्हणाली, "वाघ असू दे न्हाईतर माणूस. ही बघ. हिनंच तीन दिवस खाल्लं न्हाई."

आणि तिथेच, ओढ्याच्या कडेला, तिनं गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मी मोबाईल काढून सुरू केला.